काटा कधी चढतो?

साकीनाक्याला गाडी गरम झाली असं सांगितलं, तर कोणी कारण विचारत नाही. वर मेट्रो, खाली रिक्षा, टेम्पो आणि बेस्टची बस. अंधेरी-कुर्ला रोडवर संध्याकाळी माणसाचं डोकं तापतं, तिथं इंजिनाचं काय! या गोष्टीतल्या गाडीचा घात नेमका या समजुतीनं केला.

गाडी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. पांढरी, दारावर रॅलीचा जुना नंबर. जन्म तीन-चार किलोमीटरवरचा, कुर्ल्याच्या कारखान्यातला. १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू झाली आणि मुंबईतल्या बऱ्याच तरुणांना रॅलीचं वेड लागलं. त्या दिवसांत मालकाच्या वडिलांनी हे १०८९ सीसीचं इंजिन घाटाघाटांतून पिदडलं होतं. वडील गेल्यावर मुलानं गाडी पुन्हा उभी केली, रंगवली, जुन्या गाड्यांच्या रॅलीत नाव नोंदवलं. आणि ती तापायला लागली.

खैरानी रोडच्या आसपास इलाज सांगणाऱ्यांची वाण नाही. पहिल्यानं थर्मोस्टॅट काढून टाकला. हा आपल्याकडचा पिढीजात उपाय. इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा तो दरवान. गाडी तापली की पहिली नोकरी त्याची जाते. दुसऱ्यानं रेडिएटरला नवा, जाड कोअर टाकला. तिसऱ्यानं जाळीपुढे दोन इलेक्ट्रिक पंखे बसवले. पंख्यांना करंट पुरेना, म्हणून मोठी बॅटरी आली. दर वेळी गॅरेजच्या दारात इंजिन अर्धा तास चालू ठेवून दाखवलं गेलं, काटा जागचा हलला नाही, पैसे चुकते झाले. आणि दर रविवारी मालक रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून, हाताला फडकं गुंडाळून, वाफ निवायची वाट बघत उभा.

शेवटी तो काकांकडे आला. खरं तर आधी तिथंच यायला हवं होतं. काकांनी उमेदीची वर्षं कुर्ल्याच्या कारखान्यात इंजिनं जोडण्यात घालवली होती. आता पत्र्याखाली एक गॅरेज, हाताखाली दोन पोरं.

"शेठ, तापते कधी?" काकांनी विचारलं.

"नेहमीच."

"नेहमीच म्हणजे? सिग्नलला? चढाला? सकाळी काढल्या काढल्या?"

मालक वैतागला. "काका, साकीनाक्यात बसून हे मला विचारता?"

काकांनी बॉनेटला हातही लावला नाही. संध्याकाळी सहाला या म्हणाले. सहाला ते मालकाशेजारी बसले, धाकट्या पोराला मागे बसवलं आणि गाडी मुद्दाम ऐन गर्दीत घालायला लावली. साकीविहार रोडला लागेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. वडिलांनी रॅलीसाठी लावलेल्या गोल मीटरचा काटा ८० वर गप्प. पंखे काकांनी आधीच बंद करायला लावले होते.

मग पवई, लिंक रोड, कांजूरमार्ग आणि पूर्व द्रुतगती मार्ग. रस्ता मोकळा मिळाला, गाडी साठच्या पुढे गेली आणि काटा सरकायला लागला. ८५, ९०. भांडुपपाशी ९८.

"आता सोडा. सावकाश घ्या."

वेग उतरला तसा काटाही उतरला. मालक मीटरकडे बघतच राहिला. वर्षभर त्यानं तो काटा फक्त चढलेला पाहिला होता. कधी चढला, हे पाहिलं नव्हतं.

यातलं गणित साधं आहे. गर्दीत तापणाऱ्या गाडीला बहुधा वारा कमी पडतो. पळताना तापणारीला वारा भरपूर असतो. तिचं पाणी कुठंतरी अडलेलं असण्याचा संशय आधी घ्यावा. या गाडीवर इतके इलाज झाले, पण पाणी कुठं अडतंय हे कोणी पाहिलं नव्हतं. एकानं तर घाटाच्या हवेला दोष दिला होता. खंडाळ्याच्या उंचीवर पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांना उकळतं, हे खरं. पण दोन अंशांसाठी घाटाला कशाला बदनाम करायचं?

गॅरेजात परतल्यावर काकांनी रेडिएटरचं झाकण तपासलं. त्याचं रबर दगडासारखं झालेलं, दाब धरत नव्हतं. मग बाह्या वर सारल्या आणि रेडिएटरकडून पंपाकडे जाणाऱ्या खालच्या पाइपावर बॅटरी मारली.

"रेस दे."

इंजिन संथ होतं तोवर पाइप गोल होता. रेस वाढली, पंपानं पाणी ओढलं आणि पेप्सीकोला चोखून संपल्यावर पिशवी होते तसा पाइप चपटा झाला. रेस सोडली, पुन्हा गोल. दारात नुसतं संथ चालू ठेवलेल्या इंजिनात हे दिसणार कसं?

"याच्या आत स्प्रिंग असते," काका म्हणाले. "पाइप आत ओढला जाऊ नये म्हणून. कुठल्या गाढवानं काढली ही?"

मागून पोरगा हळूच बोलला, "काका, गणपतीआधी पाइप आपणच बदलला. गंजलेली तार निघाली होती. मी विचारलं, परत घालायची का? तुम्ही फोनवर होता. फेक म्हणालात."

थोडा वेळ नुसता पत्र्यावरच्या पंख्याचा आवाज. मालक पोराकडे बघत होता, पोरगा जमिनीकडे. त्याला वाटलं, आता एक थोबाडीत बसणार.

काकांनी हात पुसले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मीच म्हणालो." आणि पोराला चहा सांगायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी आत स्प्रिंग घातलेला पाइप बसला, नवं झाकण आलं, थर्मोस्टॅट पुन्हा कामावर रुजू झाला. बिलात फक्त झाकणाची किंमत होती. मालकानं मजुरी पुढे केली, ती काकांनी परत त्याच्या खिशात कोंबली. पुढच्या रविवारी गाडी खोपोलीहून बोरघाट एका दमात चढली, काटा ८५ च्या वर गेला नाही.

काढलेले दोन्ही पंखे मालकानं गॅरेजातच ठेवले. त्यातला एक काकांनी जुन्या बॅटरीला जोडून कामाच्या टेबलावर बांधलाय. मे महिन्यात पोरांना वारा चांगला लागतो.