घसरलेल्या माणसाकडे पाहताना

लंडन शहरातील सेंट जेम्स स्ट्रीट या रस्त्यावर २७ क्रमांकाच्या घरात दोनशे वर्षांपूर्वी छापील चित्रांचे एक दुकान होते. हॅना हम्फ्री ही बाई ते चालवीत असे, आणि तिच्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणारा जेम्स गिलरे हा त्याच घरात राहत असे. १८०८च्या फेब्रुवारी महिन्यात या दुकानाने जे एक चित्र विक्रीस काढले, त्यात हेच दुकान दाखविले आहे. थंडीचे दिवस आहेत, रस्ता निसरडा झाला आहे आणि एक वयस्क गृहस्थ दुकानासमोरच सपशेल घसरले आहेत. डोक्यावरची टोपी आणि तिच्याखालचा केसांचा टोप, दोन्ही जागा सोडून गेले आहेत. हातात मात्र तापमापक आहे आणि पडता पडताही तो त्यांनी सांभाळून धरला आहे. ‘पडलो तरी नाक वर’ ही आपली म्हण गिलरेला ठाऊक असण्याचे कारण नाही. चित्र मात्र तिचेच आहे.

परंतु या चित्रातील खरी मौज त्या गृहस्थांमागे उभ्या असलेल्या लोकांत आहे. दुकानाच्या खिडकीत गिलरेचीच चित्रे मांडली आहेत आणि ती पाहण्यात काही मंडळी गर्क झाली आहेत. त्यांची पाठ रस्त्याकडे आहे. कागदावरील माणसांत ती इतकी रंगली आहेत की चार पावलांवर एक खराखुरा माणूस आडवा झाल्याचे त्यांच्या गावीही नाही.

हे चित्र पाहिले की हसू येते. ते येऊ द्यावे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पापनिवेदनाला जाताना आपण रागाची, खोटेपणाची, मिस्सा चुकविल्याची आठवण करतो. ‘मी अमक्याची फजिती पाहून हसलो’ असे पाप कोणी आठवून ठेवत असेल असे वाटत नाही. तरीही आपल्यापैकी प्रत्येक जण केव्हातरी कोणाच्या तरी हसण्याने मनातून कोसळलेला असतो, आणि तो प्रसंग तीस-चाळीस वर्षे उलटली तरी विसरलेला नसतो. मारलेली चपराक माणूस विसरतो, पण चारचौघांतले हसणे विसरत नाही.

त्या काळच्या लंडनमध्ये अशा चित्रांचा मोठा व्यापार होता. राजकारणावरील चित्रे तर होतीच. पण नित्याच्या जीवनातील फजितीची चित्रेही तितक्याच आवडीने घेतली जात. वाऱ्याने उडालेल्या टोप्या, जेवणाच्या पंगतीत झालेले घोटाळे, बर्फावर घसरणारे हौशी वीर, उपवर मुलीच्या कलागुणांचे पाहुण्यांसमोर चाललेले प्रदर्शन हे त्यांचे विषय. ज्यांना परवडे ते चित्रे विकत घेत, हातांनी रंगविलेली घ्यायची तर अधिक पैसे मोजत. पिकॅडिलीचा फोर्स नावाचा विक्रेता तर चित्रांचे गठ्ठे एका संध्याकाळीपुरते भाड्याने देई. पाहुणे येणार असले की ते आणायचे, पाने उलटीत हसायचे आणि दुसऱ्या दिवशी परत करायचे. आपल्याकडे एके काळी व्हिडिओ कॅसेटी आणल्या जात, तसाच हा प्रकार. ज्यांच्या खिशात काहीच नसे ते दुकानाच्या खिडकीपुढे उभे राहून फुकट हसून घेत.

१८०६ साली जेम्स बेरेसफर्ड या ऑक्सफर्डच्या विद्वानाने मानवी जीवनातील हालअपेष्टांवर एक पुस्तक लिहिले. हालअपेष्टा म्हणजे दुष्काळ किंवा रोगराई नव्हे, तर रोजच्या बारीकसारीक कटकटी. पुस्तक एवढे गाजले की थॉमस रोलंडसन या चित्रकाराने त्या विषयावर चित्रांची मालिकाच काढली. हे बेरेसफर्ड पुढे एका गावच्या चर्चचे धर्मोपदेशक झाले. निसरड्या रस्त्याच्या ज्या चित्राने आम्ही आरंभ केला, त्याची मूळ कल्पनादेखील गिलरेला जॉन स्नेड नावाच्या एका अँग्लिकन धर्मोपदेशकानेच दिली होती. वेदीपुढे उभे राहणाऱ्यांना लोकांच्या फजितीत रस असावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. आम्हांला वाटत नाही. रविवारी सकाळी उंचावरून लोकांकडे पाहण्याची संधी त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला मिळते?

हसण्याविषयी तत्त्वज्ञांचे मत मात्र एकंदरीत प्रतिकूल आहे. मित्राच्या दुर्दैवाला हसताना आपल्या आनंदात मत्सराची वेदना मिसळलेली असते, असे प्लेटोने दाखवून दिले. इंग्लंडचा हॉब्स १६५१ सालच्या आपल्या ग्रंथात सांगतो की, दुसऱ्याचे व्यंग दिसताच स्वतःच्या मोठेपणाचा जो अचानक उमाळा येतो तेच हसू. आणि ज्यांना स्वतःच्या योग्यतेची खात्री नसते त्यांनाच हा उमाळा वारंवार येतो. फ्रेंच कवी बोदलेर याने १८५५ साली हास्य आणि व्यंगचित्र यांवर निबंध लिहिला, तो या सर्वांच्या पुढे गेला. त्याचेही उदाहरण रस्त्यात घसरणाऱ्या माणसाचेच आहे. हसणे ही आदामाच्या पतनानंतरची गोष्ट आहे, ते सैतानी आहे, त्यात ‘मी पडलो नाही, मी सरळ चालतो आहे’ हा अहंकार दडलेला आहे, असे त्याचे म्हणणे. जो पडतो तो स्वतःला हसत नाही. हसलाच तर तो तत्त्वज्ञ असला पाहिजे, असेही तो म्हणतो. (बोदलेरने आमचा चिमणराव वाचला असता तर त्याने हे वाक्य बदलले असते. चिं. वि. जोशींचा हा नायक आपल्या साऱ्या फजित्या स्वतःच्याच तोंडाने सांगतो, आणि तो तत्त्वज्ञ खचितच नाही.)

या मतात ख्रिस्ती माणसाला ओढून घेणारे काहीतरी आहे. लाजरसाच्या कबरीजवळ येशू रडला हे योहानाने नोंदविले आहे. तो हसला असे चारही शुभवर्तमानांत कोठेही लिहिलेले नाही. म्हणून हास्य हे आपल्यासाठी नव्हे, असे मानणारी गंभीर परंपरा ख्रिस्तसभेत दीर्घकाळ नांदली. परंतु लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू काय सांगतो ते पाहा. लग्नाच्या जेवणाला एक मनुष्य येतो आणि मुख्य जागेवर जाऊन बसतो. मग त्याच्याहून मानाचा पाहुणा येतो. यजमान पहिल्याला म्हणतो, जरा उठा, ही जागा यांना द्या. तोपर्यंत मधल्या सगळ्या जागा भरलेल्या असतात. मग तो बिचारा लाजेने खाली मान घालून अगदी शेवटच्या जागेवर जाऊन बसतो. गिलरेने हे चित्र काढले असते तर सेंट जेम्स स्ट्रीटच्या खिडकीत ते शोभले असते! डोळ्यांत मुसळ घेऊन दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ काढायला निघालेला माणूस, चिलट गाळून उंट गिळणारा परूशी, हीदेखील एका दृष्टीने व्यंगचित्रेच आहेत. ती ऐकताना गालिलातील शेतकरी आणि कोळी गंभीर चेहरा करून बसले असतील असे मानणे कठीण आहे.

मग हसण्यात पाप कोठे सुरू होते? याचे आम्हांला पटलेले उत्तर तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांच्या ‘सुम्मा’ या ग्रंथात मिळते. त्यांनी उपहासाचा विचार शिवीगाळ, चहाडी आणि शाप यांच्या शेजारी बसवून केला आहे, म्हणजे जिभेने केलेल्या अन्यायांत. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : मोठ्या संकटाला कोणी हसत नाही, ज्याला आपण हसतो ते आपल्याला लहान वाटलेले असते. पण ते लहान वाटण्याची कारणे दोन असू शकतात. एक तर ती गोष्टच मुळात लहान असते. अशा वेळी हसणे हा फार तर लघुदोष. नाहीतर गोष्ट लहान नसते, पण ती ज्याच्यावर ओढवली तो माणूस आपल्याला लहान वाटतो. त्याचे दुःख ते काय दुःख, असे आपण मनात ठरवून टाकतो. हे महापाप होऊ शकते. कारण येथे आपण त्याची फजिती नव्हे, त्याचे माणूसपण हसण्यावारी नेलेले असते.

हेच संत थॉमस दुसऱ्या ठिकाणी, कधीही न हसणारा, दुसऱ्यांच्या हसण्यावर विरजण घालणारा माणूसही दोषी आहे असे म्हणतात. तेव्हा त्यांना कोरडे पंडित समजण्याचे कारण नाही.

आपल्या भाषेने हा भेद आधीच ओळखला आहे की काय असे वाटते. ‘हास्यचित्र’ आणि ‘व्यंगचित्र’ हे दोन शब्द आपण सरसकट वापरतो, पण दुसऱ्यात ‘व्यंग’ आहे, आणि व्यंग हे घटनेला नसते, माणसाला असते.

या कसोटीवर रोलंडसनचे एक प्रसिद्ध चित्र आम्ही घासून पाहिले. लंडनच्या सॉमरसेट हाऊसमध्ये रॉयल अकॅडमीचे चित्रप्रदर्शन वरच्या मजल्यावर भरत असे आणि तेथे पोहोचायला एक उभा, वळणावळणाचा जिना होता. रोलंडसनने या जिन्यावरून माणसांचा लोंढा गडगडत खाली येताना दाखविला आहे. स्त्रियांची वस्त्रे अस्ताव्यस्त झाली आहेत आणि काही पुरुष हात द्यायचे सोडून डोळे फाडून पाहत आहेत. कलेचे जाणकार म्हणतात की टीका त्या पाहणाऱ्या पुरुषांवरच आहे. असेलही. पण चित्र पाहणाऱ्याला रोलंडसनने त्याच पुरुषांच्या शेजारी उभे केले आहे आणि त्यांना जे दिसते तेच दाखविले आहे. आम्हांला हे चित्र मान्य नाही. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा द्राक्षारस पिऊन आपल्या तंबूत उघडा पडला, तेव्हा हामने ते पाहिले आणि बाहेर जाऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ यांनी खांद्यावर वस्त्र घेतले आणि पाठमोरे चालत जाऊन बापावर पांघरूण घातले. फजिती झाली होती हे दोघांनाही ठाऊक होते. त्यांनी ती पाहण्याचे नाकारले.

येथे आपल्या घरच्या चित्रकाराची आठवण येणे साहजिक आहे. मारिओ मिरांडा (१९२६–२०११) हे गोव्यातील लोटलीचे कॅथलिक. शाळेत असताना धर्मगुरूंची चित्रे काढल्याबद्दल त्यांना बोलणी खावी लागली होती. पुढे तेच धर्मगुरू, त्याच लग्नातल्या वरमाया, तेच तावेर्नातले म्हातारे आणि तीच रस्त्यावरची कुत्री त्यांनी आयुष्यभर काढली. पोटे सुटलेली, नाके लांबलेली, पण कोणीही लहान झालेला नाही. मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मॉन्डेगारच्या भिंतींवर त्यांची अशी गर्दी रंगविलेली आहे. तिच्याखाली बसून खाणारे-पिणारे लोक वर पाहून हसतात, आणि वरच्या गर्दीत व खालच्या गर्दीत फारसा फरक नसतो.

तरीही संत थॉमसांच्या उत्तरात एक अडचण राहतेच. गोष्ट लहान की मोठी हे ठरवायचे कोणी? पावसाळ्यात विहिरीच्या काठावरील शेवाळावर दहा वर्षांचा मुलगा घसरला तर तो उठून पळतो. त्याच्या आजीचे खुब्याचे हाड मोडते आणि ती पुन्हा चालत नाही. पडताना दोघे सारखेच दिसतात. लग्नाच्या मंडपात नवरीचा पाय झग्यात अडकला की आज दहा हात मोबाईल घेऊन वर होतात आणि संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत परदेशातल्या नातलगांपर्यंत पोहोचते. पाठविणाऱ्यांच्या मनात द्वेष नसतो, हे आम्ही मान्य करतो. पण त्या मुलीला तो प्रसंग केवढा वाटला हे तिला कोणी विचारलेले नसते. रोलंडसनच्या चित्रातील स्त्रियांना निदान नावे नव्हती.

आणि क्रूसाची वाट आपण दर चाळीसाव्या दिवसांत चालतो. तिसरे, सातवे, नववे स्थान. येशू तीनदा पडला हे परंपरा सांगते, शुभवर्तमाने नव्हे. पण शिपायांनी त्याला झगा घालून, हाती वेत देऊन राजाचे सोंग केले हे शुभवर्तमानातच आहे. रस्त्याच्या कडेला गर्दी होती. तिच्यात क्रूर लोक किती होते आणि नुसते गंमत पाहायला थांबलेले किती होते?

गिलरेच्या बाबतीत पुढे काय घडले ते सांगितले पाहिजे. ते निसरड्या रस्त्याचे चित्र काढले तेव्हाच त्याची दृष्टी अधू होऊ लागली होती. काही वर्षांत त्याच्या मनाचाही तोल गेला. १८११ साली, ज्या घराच्या खिडकीपुढे लोक त्याची चित्रे पाहत हसत उभे राहत, त्याच घराच्या माळ्यावरील खिडकीतून त्याने स्वतःला खाली झोकून देण्याचा प्रयत्न केला. तो वाचला. चित्रे काढणे आता त्याला शक्य नव्हते, म्हणजे दुकानाच्या दृष्टीने त्याचा काही उपयोग उरला नव्हता. हॅना हम्फ्रीने त्याला घरातून घालविले नाही. १८१५च्या जूनमध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत तीच त्याची काळजी घेत होती. खाली दुकान चालूच होते, आणि खिडकीत चित्रे लावलेली असत.