हजेरीपटातली आडवी ओळ

शाळेला दांडी मारणाऱ्या मुलाचं करायचं काय, याचं आपल्याकडचं जुनं उत्तर म्हणजे उचलबांगडी. वर्गातली चार दांडगी मुलं घरी पाठवायची, त्यांनी त्या पोराला हातापायांना धरून उचलायचं आणि रडत-ओरडत गुरुजींपुढे आणून टाकायचं. छडी पुढे होतीच. मूल येत नाही म्हणजे ते उनाड, एवढंच निदान आणि एवढाच उपचार.

सक्तीच्या शिक्षणाचा विचार रुजू लागला तसा जाब बापाला विचारला जाऊ लागला. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीची मागणी केली. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग करून १९०६ मध्ये तो साऱ्या बडोदा संस्थानाला लागू केला. गोखल्यांचं विधेयक मात्र १९१२ मध्ये फेटाळलं गेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. मजुरी करणाऱ्या घराला तो रुपया जड जात असणार. तरी मला त्यात मोठी गोष्ट दिसते : गरिबाचं पोर शाळेत नाही, याची दखल घेणं राज्याला आपलं काम वाटलं.

पण दंडानं गुरं राखायचं काम थोडंच संपतं? कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे ओळखलं. आदिवासी मुलं गुरांमागे रानात जात, शाळेत येत नसत. मग शिक्षणच कुरणात गेलं. गुरं चरताहेत आणि तिथंच मुलं शिकताहेत, ही ती कुरणशाळा. मूल का येत नाही यावर तर्क करत बसण्यापेक्षा ते त्या वेळी कुठे असतं हे या बायांनी जाऊन पाहिलं. या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोठी झेप मला हीच वाटते.

सरकारनं वाट धरली ती प्रोत्साहनाची. १९९२पासून दुर्बल घटकांतल्या मुलींना हजर दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. १९९५च्या पोषण आहार योजनेत ऐंशी टक्के हजेरीवर महिन्याला तीन किलो धान्य. कितीतरी घरांना याचा खरा आधार झाला. मात्र हजेरीला अशी किंमत आली, शिक्षकांची पदंही पटावर ठरत होती, आणि कागदावरचा पट फुगत गेला. ऑक्टोबर २०११च्या पटपडताळणीत ते उघडं पडलं. यात सरकारी पैसा गेलाच, पण त्याहून वाईट हे की न येणारं मूल कागदावर ‘हजर’ झालं, आणि हजर मुलाला शोधायला कोण जाणार?

शिक्षण हक्क कायद्यानं २०१०पासून छडी बंद केली आणि आठवीपर्यंत नाव काढून टाकण्याची वाटही बंद केली. दोन्ही योग्यच झालं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली, तीही कुरणशाळेच्याच जातीची कल्पना.

राहून जातं ते अधूनमधून बुडवणारं मूल. आपल्याकडे सलग महिनाभर गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं. आठवड्याला दोन खाडे करणारं मूल या व्याख्येत कधीच बसत नाही, आणि महिनाअखेरीच्या सरासरी उपस्थितीत तर ते विरघळूनच जातं. वर्षाकाठी त्याची शाळा दोन-अडीच महिने बुडते, अपूर्णांक कळत नाहीत, मग वर्गात बसायची लाज वाटते आणि खाडे वाढतात.

म्हणून हजेरीपटाच्या उभ्या बेरजा वरच्या कार्यालयाला जाऊ देत. शिक्षकानं प्रत्येक नावापुढची आडवी ओळ वाचावी. दर मंगळवारी खाडा असेल आणि गावचा बाजार मंगळवारचा असेल, तर आईबापाशी बाजाराबद्दल बोलावं. चाचणीच्या दिवशीच खाडा असेल तर मागच्या इयत्तेचं काय राहिलंय ते तपासावं. आणि सातवीतल्या मुलीच्या ओळीत दर महिन्याला तीन-चार दिवस सलग रिकामे दिसले, तर तिला काही विचारण्याआधी शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी येतं का आणि दाराला आतून कडी आहे का, हे मुख्याध्यापकांनी स्वतः जाऊन बघावं.