नखावरचा हिरवा

मार्च उजाडला की फोनवर हिरवी नखं दिसू लागतात. बाटलीहिरव्या रंगावर सोनेरी रेघ, पांढऱ्या नखाच्या कडेला तीन पाकळ्यांचं इवलंसं पान, एकाच बोटावर चमकी आणि बाकीची चार साधी. हा थाट १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक दिवसाचा, म्हणजे आयर्लंडच्या सणाचा. सोलापुरात त्या दिवशी कुणाला सुट्टी नसते, उपास नसतो, घरात गोडधोडही नसतं. तरी नवी पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत जिथं जिथं नेल आर्टची टेबलं मांडली गेली आहेत, तिथं एखादी मुलगी फोन पुढं करून 'असंच करून द्या' म्हणणारच. पॅट्रिक कोण, याच्याशी तिला देणंघेणं नाही. तिला पाडव्याला हिरव्या काठाची साडी नेसायची आहे. २०२६ साली तर पाडवा १९ मार्चलाच, आणि रमजान ईद त्याच्या मागोमाग. एका आठवड्यातले तीन सण एकाच बाटलीतल्या रंगावर निभावून जातील.

यावर नाक मुरडणारे पुष्कळ. व्हॅलेंटाइन झाला, हॅलोविन झाला, आता हे काय नवीन खूळ. आपला काय संबंध? प्रश्न टोमण्याच्या सुरात विचारला जातो म्हणून तो वाईट ठरत नाही. आपला काय संबंध, हे एकदा नीट पाहायला हवं.

आयर्लंडचा हा हिरवा मुळातच फारसा पुरातन नाही. १७८३ मध्ये इंग्लंडच्या राजाने आयर्लंडसाठी सेंट पॅट्रिकच्या नावानं मानकऱ्यांची एक श्रेणी काढली, तिचा रंग निळा होता. हिरव्याला धार आली ती बंडखोरांमुळे. १७९१ मध्ये बेलफास्टला युनायटेड आयरिशमेन ही संघटना उभी राहिली. फ्रेंच राज्यक्रांतीनं भारावलेली ही माणसं; त्यांत प्रोटेस्टंट होते, कॅथलिकही होते. त्यांनी हिरवा रंग आपला मानला. १७९८ चा उठाव इंग्रजांनी रक्तात बुडवला आणि त्यानंतर टोपीत हिरवी फीत किंवा शॅमरॉकची डहाळी खोवणं म्हणजे राजद्रोहाचा पुरावा झाला. हिरवं घातलं म्हणून माणसं फासावर जातात, अशा आशयाचं एक आयरिश लोकगीत त्या काळापासून गायलं जातं. शॅमरॉक म्हणजे काही दुर्मीळ वनस्पती नव्हे. आपल्या कुंड्यांत न लावता उगवणारी आंबुशी दिसायला तिच्याच कुळातली वाटेल. तीन पानांची साधी रानटी पालेभाजी, पण ती छातीशी लावली की शिपाई थांबवणार.

मग १९०० साल आलं. बोअर युद्धात आयरिश पलटणी इंग्रजांसाठी लढत होत्या, मरत होत्या. व्हिक्टोरिया राणीनं प्रसन्न होऊन हुकूम काढला की १७ मार्चला आयरिश शिपायांनी टोपीत शॅमरॉक लावावं. कालपर्यंत जे चिन्ह बंडाचं होतं ते आज बक्षीस म्हणून परत मिळालं. सत्तेला एखादं चिन्ह चिरडता आलं नाही, की ती ते स्वतःच्या हातानं वाटायला लागते. ही चाल इंग्रजांपुरती नाही, आपल्याकडचे राज्यकर्तेही ती उत्तम खेळतात.

पण आयरिश हिरव्याची जी गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते ती घडली आपल्या देशात. जून १९२० मध्ये जालंधरच्या छावणीत कोनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीतल्या शिपायांनी बंदुका खाली ठेवल्या. मायदेशात इंग्रज फौजा गावं जाळत सुटल्याच्या बातम्या त्यांना घरच्या पत्रांतून कळत होत्या. ज्या सरकारनं आपली घरं जाळली त्याच सरकारसाठी दुसऱ्यांच्या देशात पहारा द्यायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी बराकीवर हिरवा, पांढरा, नारिंगी असा आयर्लंडचा तिरंगा चढवला आणि त्याच रंगांच्या फिती छातीला लावल्या. बंड सोलनला पोचलं. जेम्स डेली नावाच्या जेमतेम विशीच्या पोराला त्याबद्दल २ नोव्हेंबर १९२० रोजी दगशाईला गोळ्या घालण्यात आल्या. पंजाबच्या उन्हात छातीवर लावलेल्या त्या हिरव्या फितीची किंमत इतकी होती.

दहा वर्षांनी तशीच किंमत सोलापूरनं मोजली. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं हे गाव पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, शंकर शिवदारे पडले, आणि पुढचे काही दिवस गावात इंग्रजांचं राज्य नावालाही उरलं नाही. मग लष्कर आलं, मार्शल लॉ लागला. त्या दिवसांत सोलापुरात झेंडा लावणं हा गुन्हा होता; गांधी टोपी डोक्यावर दिसली तरी ती उतरवायला लावत. चरख्याच्या त्या झेंड्यात एक पट्टा हिरवा होता. मंगळवार पेठ पोलीस चौकीच्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे ते दिवस. आजही सोलापूर जानेवारीत एकीकडे नंदीध्वजांमागं चालतं आणि दुसरीकडे चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालतं.

१९३१ हे सालच चमत्कारिक. जानेवारीत येरवड्याला ही चौघं गेली. मार्चमध्ये डब्लिनच्या रस्त्यांवर सेंट पॅट्रिकची पहिली सरकारी मिरवणूक निघाली; ज्या हिरव्यासाठी लोक तुरुंगात जात होते तो आता सरकारी बँडपथकाच्या पुढं चालला. आणि ऑगस्टमध्ये मुंबईत काँग्रेसनं झेंड्याचा ठराव केला. त्याआधी लोक लाल म्हणजे हिंदू, हिरवा म्हणजे मुसलमान असाच अर्थ लावत. ठरावात केशरी, पांढरा आणि हिरवा हे पट्टे ठरले आणि या रंगांना धर्माचा अर्थ नाही, हे स्पष्ट लिहिलं गेलं. आयर्लंडच्या झेंड्यात उलट, रंग समाजांनाच वाटून दिलेले: हिरवा कॅथलिकांकडं, नारिंगी प्रोटेस्टंटांकडं, मधला पांढरा समेटाचा. त्यांनी भांडण मान्य करून मध्ये पांढरा ठेवला, आपण भांडणाचं नावच ठरावातून काढलं. कोणता उपाय जास्त टिकला, हे दोन्ही देशांचा इतिहास पाहून सांगणं सोपं नाही.

लढाई संपली की रंग सैलावतो. शिकागोत १९६२ पासून नदीच हिरवी करतात. प्लंबरांच्या युनियनची माणसं सांडपाण्याच्या गळत्या शोधायला पाण्यात एक रंग टाकायची. त्यातून ही कल्पना सुचली. गंमत अशी की नदीत टाकतात ती पूड नारिंगी असते, पाण्यात पडल्यावर ती हिरवी होते. त्यानंतर सिडनीचं ऑपेरा हाऊसही एका रात्रीपुरतं हिरवं होऊ लागलं. आणि सगळ्यात शेवटी हिरवा पोचला नखावर, जिथं जागा एका चिंचोक्याएवढी. शुद्धतावाद्यांना ही घसरण वाटते. मला उलट वाटतं. ज्या रंगासाठी गळ्यात फास पडायचा तो रंग आज एखादी मुलगी बिनदिक्कत, काही अर्थ न जोडता, आवडला म्हणून लावते, तेव्हाच ती लढाई खरी जिंकली गेली. स्वातंत्र्याचं पहिलं रूप जीव देणं असेल; शेवटचं रूप मिरवणं आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. डेलीची फीत आणि नखावरचं ते पान यांच्या मध्ये शंभर वर्षं आहेत. ती वर्षं नसती तर पानही नसतं.

बाय द वे, आयर्लंडशी संबंध नाही असं म्हणणाऱ्यांनी लिओ वराडकरांच्या वेळी काय केलं होतं ते आठवावं. वडील डॉक्टर, मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे; आई आयरिश परिचारिका. २०१७ मध्ये हा माणूस आयर्लंडचा पंतप्रधान झाला आणि आपल्या वर्तमानपत्रांनी त्याला रातोरात मालवणचा सुपुत्र करून टाकलं. २०१९ च्या डिसेंबरात ते वराडला आले तेव्हा अख्खं गाव लोटलं होतं. सेंट पॅट्रिकच्या निमित्तानं अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हाती शॅमरॉकचा वाडगा देणं हा आयरिश पंतप्रधानांचा मानाचा रिवाज. तो वराडकरांनीही पाळला. मालवणी आडनावाच्या हातात शॅमरॉक आलं की आपण छाती फुगवायची, आणि सोलापूरच्या मुलीच्या नखावर तेच पान आलं की संबंध काय म्हणून विचारायचं, हा न्याय काही जमत नाही.

नखाबद्दल मात्र एक अडचण खरी आहे. नख हा अवयव कामाशी भांडतो. भाकरी थापणाऱ्या हातानं जेलची लांब नखं ठेवून पाहावीत. पीठ कडेला अडकतं, काठ निघून येतो, आणि सासू आधी भाकरीकडं बघते, मग नखांकडं. सोलापुरात हात रिकामा नसतोच. पूर्व भागातल्या बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात: भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, दोऱ्यानं बांधायचं आणि टोक आत दुमडायचं. ते दुमडणं नखाचं काम. नख झिजलं की पत्र्याची पट्टी घ्यायची. मजुरी मोजतात हजार विड्यांवर. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं अशा विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, यावरून या हातांची संख्या किती, याचा अंदाज यावा. तंबाखूनं पिवळट पडलेल्या त्या नखांवर शॅमरॉक काढायला कुणी बसत नाही. लांब, रंगवलेलं नख हे जगभर सवडीचं प्रमाणपत्र आहे. ज्यांचं पोट हातावर, त्यांच्या नखांना सण कमी.

तरी गरीब हातानं नख सोडून दिलं असं मात्र नाही. मेंदी आहेच. बोटाच्या शेंड्याला मेंदीचा ठसा मारला की नखही रंगतं, आणि त्वचेवरचा रंग आठवड्यात विटला तरी नखावरचा टिकतो. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मेंदी त्याच्याबरोबर पुढं सरकत जाते आणि शेवटी कापली जाते. नमाज पढणाऱ्या अनेक बायका नेलपॉलिश टाळून मेंदी लावतात, कारण वजू करताना पाणी नखापर्यंत पोचायला हवं. टेबलावर बसून यूव्ही दिव्याखाली बोटं धरणारी मुलगी आणि चाँद रातीला अंगणात मेंदी लावून बसलेली तिची शेजारीण एकच गोष्ट करत असतात. खर्च वेगळा, इतकंच.

आणि इथं मला खरं बोचतं ते वेगळंच. आयरिश हिरवा पोरींनी घेतला म्हणून कुरकुर होते. पण आपल्या घरातला हिरवा आपण किती सहज दुसऱ्याच्या नावावर करून टाकला, याबद्दल कुणी बोलत नाही. लग्नात हिरवा चुडा लागतो, डोहाळजेवणाला हिरवी साडी लागते, हळदीनंतर हिरव्या काचेचा खळखळाट झाल्याशिवाय नवरी नवरी वाटत नाही. लिंगायत घरात, पद्मशाली घरात, मराठा घरात, सगळीकडं. आणि तोच रंग मिरवणुकीतल्या कापडावर दिसला की भुवया वर जातात, व्हॉट्सअॅपवर कुजबुज सुरू होते. एका रंगाचे दोन अर्थ असायला हरकत नाही. पण दंडाच्या वर एक आणि मनगटाच्या खाली दुसरा, असं एकाच माणसाला एकाच दिवशी वाटत असेल तर त्यात रंगाचा दोष नाही. १९३१ च्या ठरावानं रंगाला धर्मापासून सोडवलं होतं. आपण त्याला पुन्हा बांधत चाललो आहोत. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन ज्या झेंड्यासाठी गेले त्यात हिरवा होता, आणि तो त्यांच्याइतकाच धनशेट्टींचाही होता.

चुड्याच्या काचेचा प्रवासच पाहा. बांगड्या फिरोजाबादच्या भट्ट्यांतून येतात, हिंदू-मुसलमान कारागिरांच्या हातून घडलेल्या. गावात त्या विकतो कधी कासार, कधी मणियार. नवरीचा हात हातात घेऊन, मुठीची बोटं दाबून, न दुखवता त्या वर चढवणं हे त्याचं कसब. या व्यवहारात कासाराला किंवा मणियाराला त्याचा धर्म विचारायची पद्धत आपल्या आयाबायांनी कधी ठेवली नव्हती. भाव विचारायची होती. आता नखांचं काम करणाऱ्या पोरी आल्या आहेत, कुणाचं आडनाव शेख, कुणाचं म्हेत्रे, कुणाचं बोल्ली. त्यांच्यापुढं हात धरताना आपणही भावच विचारावा, आडनाव विचारू नये.