न उघडता बदललेला सेल्फ

नागपुरात स्टार्टर मोटरला कुणी स्टार्टर मोटर म्हणत नाही. सगळे ‘सेल्फ’ म्हणतात. सेल्फ मारला, सेल्फ उचलत नाही, सेल्फ गेला.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या बारा वर्षं जुन्या गाडीचा सेल्फ गेला. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’. हेडलाइट मात्र लख्ख, म्हणजे बॅटरी ठीक होती. बाबांनी बॉनेट उघडलं, हात आत घालून पान्याने मोटरवर दोन हलके ठोके मारले आणि म्हणाले, “मार आता.” गाडी सुरू झाली.

मी त्याला जुगाड समजलो. त्याच दुपारी नवा सेल्फ ऑनलाइन मागवला.

पुढच्या रविवारी, ऊन चढायच्या आत, पार्किंगमध्ये कामाला लागलो. व्हिडिओ तीनदा बघून झाला होता. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाणारी जाड केबल कायम जिवंत असते. पाना तिला आणि बॉडीला एकदम लागला तर मोठी ठिणगी उडते, हात भाजतो. मग एक जाड केबल, एक बारीक वायर, दोन बोल्ट. आमच्या गाडीत हात वरूनच पोचतो, त्यामुळे गाडीखाली शिरावं लागलं नाही. दीड तासात नवा सेल्फ बसला. किल्ली फिरवली, इंजिन सुरू. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला: ‘घरीच केलं!’ सगळ्या काका-मामांचे अंगठे आले.

संध्याकाळी जुना सेल्फ भंगारात द्यायला कोपऱ्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेला. त्याने तो हातात घेतला, मागचे दोन लांब स्क्रू काढले आणि पाच मिनिटांत सगळा वर्तमानपत्रावर मांडला.

“काऊन बदलला भाऊ? कार्बनच तर घासले आहेत. बाकी सेल्फ टकाटक.”

कार्बन म्हणजे पुस्तकातले ब्रश. कार्बनचे छोटे ठोकळे. स्प्रिंग त्यांना फिरत्या तांब्यावर दाबून धरते आणि त्यांच्यातूनच करंट आत जातो. वर्षानुवर्षं घासून ते आखूड होतात, स्प्रिंगचा दाब पुरत नाही, मोटर फिरत नाही. बाहेरून ठोका दिला की ठोकळा जरासा सरकतो, पुन्हा टेकतो, आणि मोटर एखाद-दोन वेळा फिरते. म्हणजे बाबांचे ते दोन ठोके हा जुगाड नव्हता, तपासणी होती. दोष कुठे आहे ते त्यांना शनिवारीच कळलं होतं.

“मग बोलले का नाही?” मी घरी येऊन विचारलं.

“तू विचारलं कुठे?”

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी डीसी मोटरचं समीकरण लिहून पूर्ण मार्क घेतले होते. ब्रशची आकृती पट्टीने काढली होती. झिजलेला ब्रश मात्र कधी बोटांत धरला नव्हता. १९३७ मध्ये इथून जवळच वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली, तीच पुढे ‘नई तालीम’. शाळेत त्यावर टीप लिहिली होती. त्या टिपेलाही मार्क मिळाले होते.

तुम्ही म्हणाल, बिघडलं काय? पैसे तुझे, वेळ तुझा. खरं आहे. नवे कार्बन आणि मजुरी मिळून नव्या सेल्फच्या किमतीच्या दहाव्या भागात काम झालं असतं, पण माझ्या मनात राहिला तो हिशोब वेगळाच आहे.

मागच्या वर्षी आमच्या टीमचं काम नव्या तंत्रज्ञानावर नेलं गेलं. टीममध्ये एक पंचेचाळिशीचे सहकारी होते. ते अडखळत होते. मॅनेजरने मला विचारलं, “यांना शिकवायचं की नवा माणूस घ्यायचा?” मी दोन मिनिटांत उत्तर दिलं, “नवा लवकर तयार होईल.” उत्तर चुकीचं होतं असं मी आजही म्हणू शकत नाही. अडचण ही आहे की ते बरोबर होतं असंही म्हणू शकत नाही, कारण ते नेमके कुठे अडतात हे मी बघितलंच नव्हतं. दोन महिन्यांनी ते गेले. माणूस म्हणजे सेल्फ नव्हे, हे मलाही कळतं. म्हणूनच वाईट वाटतं: जी चौकशी लोखंडाची करायला हवी होती, ती मी माणसाचीही केली नाही.

आमच्या धंद्यात बदलणं ही चांगली सवय मानतात. सर्व्हर अडला तर पाडा, दुसरा उभा करा. तिथे ते चालतं, कारण प्रतीला जवळजवळ खर्च नसतो. तीच सवय मी पार्किंगमध्ये आणि मीटिंगमध्ये घेऊन गेलो.

गंमत म्हणजे हा सेल्फ जन्मला तोच आत बघण्यातून. पूर्वी गाडी हँडल मारून सुरू करत. हँडलने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी इंजिनिअरने आधी दुकानातल्या कॅश रजिस्टरसाठी विजेची मोटर बनवली होती. काही क्षणच चालायचं असेल तर छोटी मोटरही मोठा भार ओढते, हे त्याला तिथे उमगलं होतं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा सेल्फ बसला.

२०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. त्यात गाड्याही आहेत. कंपन्यांनी आपल्याला वस्तू उघडू द्यावी, हा हक्क हवाच. पण ज्याला उघडायचंच नाही त्याला हक्क देऊन काय उपयोग? हक्काच्या जोडीला एक कर्तव्यही आहे असं मला वाटतं. दरवेळी दुरुस्तच करा, असं ते सांगत नाही. काही गोष्टी बदलाव्याच लागतात. झिजलेले ब्रेक पॅड कुणी जपून ठेवत नाही. ते एवढंच सांगतं की निकाल देण्याआधी आत बघा, आणि ज्याला कळतं त्याला विचारा.

जुन्या सेल्फमध्ये मी कार्बन टाकून घेतले. तो डिकीत पडून आहे. त्या सहकाऱ्यांचा नंबर माझ्याकडे आहे. अजून फोन केलेला नाही. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एकाबद्दल तोच प्रश्न पुन्हा आला, तेव्हा मी म्हटलं, “दोन दिवस द्या, आधी त्याच्यासोबत बसतो.”