जुन्या रंगाचा प्रश्न

जीर्ण झालेल्या वस्तूचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ खर्चाचा व सोयीचा वाटतो. परंतु तिची जीर्णता काळामुळे आलेली नसून आपल्याच दुर्लक्षामुळे आली असेल, तर या प्रश्नाला नीतीचाही एक पदर असतो. गेल्या हिवाळ्यात खुलताबादेस एका स्नेह्यांकडे आमचा चार दिवस मुक्काम होता. तेथे एका मोटारीच्या निमित्ताने हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, आणि प्रथम आम्ही त्याचे उत्तर चुकीचे दिले, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

मोटार एम. जी. कंपनीची, 1951 सालची, दोनच माणसे बसतील अशी शर्यती धाटणीची होती. स्नेह्यांच्या वडिलांनी ती हौसेने घेतली होती. त्यांच्या निधनानंतर ती परसातील पत्र्याच्या छपराखाली गेली आणि तीसएक वर्षे तेथेच राहिली. मूळचा लाल रंग उन्हाने व धुळीने मरून फिक्कट गुलाबी झाला होता. बोट फिरवले की खडूसारखी भुकटी हाताला लागे. पाखरांच्या विष्ठेने टपावर चट्टे पडले होते व खालच्या कडांना गंज चढला होता. मुलाचे लग्न जवळ आलेले असल्यामुळे स्नेह्यांच्या मनाने घेतले की, ही गाडी आता पुन्हा उभी करावयाची.

शहरातून आलेला रंगारी जाणता होता. त्याने सांगितले, "साहेब, जुने सगळे खरवडून पत्रा उघडा करू, लांबी भरू आणि नवा रंग मारू. काल कारखान्यातून आली असे वाटेल." स्नेह्यांचा चेहरा खुलला. आम्हीही लगेच होकार भरला. तेवढ्यात ओसरीवर बसलेल्या त्यांच्या वृद्ध मातोश्री म्हणाल्या, "अरे, सगळे कर, पण तो उजवा दरवाजा तेवढा राहू दे." या गाडीच्या दरवाज्याची वरची कड मध्येच खोलगट असते, चालविणाऱ्याचे कोपर आपसूक तेथे टेकते. त्या जागी रंग झिजून खालचा पत्रा बोटभर उघडा पडला होता. ती झीज दुर्लक्षाची नव्हती. एका माणसाच्या वर्षानुवर्षे बसण्याची होती. स्नेही काही बोलले नाहीत. आम्ही मात्र तो म्हाताऱ्या माणसाचा हळवेपणा समजून सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही घाट उतरून वेरुळास गेलो. कैलास लेणे आम्ही पूर्वीही पाहिले होते. परंतु त्या दिवशी डोक्यात रंगाचाच विषय असल्यामुळे नजर वेगळीकडे गेली. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी कोरलेले हे मंदिर आज काळ्या कातळाचे दिसते व आपण त्या कातळाचीच थोरवी गातो. वस्तुतः हे मंदिर एके काळी गिलाव्याने व रंगाने मढविलेले होते. 'रंगमहाल' हे त्याचे जुने नाव तेच सांगते. मंडपाच्या छतावर अजून रंगाचे अवशेष आहेत, आणि ते एकाच काळाचे नाहीत. जुन्या चित्रावर पुढील पिढ्यांनी नवा थर चढवून नवे चित्र काढले. आज वरचा थर जेथे गळाला आहे तेथे खालचा डोकावतो. ज्यांनी तो वरचा थर दिला ते भाविकच होते. जुने मळले म्हणून त्यांनी नवे केले. तरीही पहिल्या चित्रकाराचा हात पाहण्यासाठी आपणांस दुसऱ्याच्या नाशाची वाट पाहावी लागते.

अजिंठ्याची हकीकत याहून अधिक बोधप्रद आहे. तेथील चित्रांचा गिलावा सुटू लागला, तेव्हा निजाम सरकारने 1920 ते 1922 या काळात लोरेंझो चेक्कोनी व काउंट ऑर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांस पाचारण केले. त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीस पुन्हा घट्ट केला. हे त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु चित्रे टिकावीत व उजळ दिसावीत म्हणून त्यांच्यावर लाखेच्या रोगणाचा हातही फिरविला गेला. काही काळ चित्रे खरोखरच झळकली असतील. पुढे ते रोगण पिवळे पडले, त्यात धूळ व काजळी बसली, आणि मूळचे निळे-हिरवे रंग त्या पिवळ्या पडद्याआड गेले. नंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांस ते रोगण तसू तसू काढण्यात कित्येक वर्षे वेचावी लागली. येथे हेतूत खोट नव्हती व विद्येतही कमतरता नव्हती. चूक होती ती एवढीच की, जे काम सहजासहजी परत फिरविता येणार नाही ते आपल्या काळाच्या ज्ञानावर विसंबून करण्यात आले.

तर मग जुन्याला हातच लावू नये काय? युरोपात या प्रश्नावर मोठा वाद झाला. 1849 साली रस्किनने जुन्या इमारतींच्या नूतनीकरणाला सरळ असत्य ठरविले. उलट फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्यूक हा स्थापत्यकार वास्तूला तिच्या परिपूर्ण रूपात आणणे हेच आपले काम मानीत होता, मग ते रूप पूर्वी कधी प्रत्यक्षात असो वा नसो. अखेर 1964 साली व्हेनिस येथे जमलेल्या तज्ज्ञांनी जी सनद केली, तिच्यात जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनरुद्धाराने थांबावे, असे तत्त्व मान्य झाले.

हे तत्त्व आम्हांस पटते. परंतु आमच्याकडील अनुभव त्यात थोडी भर घालतो. वेरुळच्याच घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार मालोजीराजांनी केला व पुढे होळकर घराण्याने केला. तेथे पूजा चालू आहे. छप्पर गळत ठेवणे ही तेथे भक्ती नव्हे. खुलताबादच्या निद्रिस्त भद्रा मारुतीस शेंदूर चढतो. त्या शेंदराचे सार्थक नवेपणातच आहे. मात्र वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचे थर 2022 साली उतरविण्यात आले, तेव्हा आत झाकलेले जुने रेखीव रूप प्रकट झाले व भाविक थक्क झाले. म्हणजे नवा लेप नेहमी पाप नाही आणि नेहमी पुण्यही नाही. वस्तू कशासाठी आहे आणि आपण लेप कशासाठी देतो, यावर सारे अवलंबून आहे.

त्या संध्याकाळी परत येताना आम्हांस उमगले की, स्नेह्यांना नवा रंग गाडीसाठी नको होता. तीस वर्षांची हेळसांड कोणाच्या नजरेस पडू नये, यासाठी तो हवा होता. आणि आमचा होकारही त्यांना बरे वाटावे एवढ्यासाठीच होता. आपल्याकडे प्रायश्चित्त म्हणून एक कल्पना आहे. प्रायश्चित्ताने घडलेले कर्म न घडलेले होत नाही. कर्त्याने ते पत्करले, एवढेच त्याने सिद्ध होते. दुर्लक्षाची दुरुस्तीही अशीच असावी. दुर्लक्ष झालेच नव्हते असे भासविणारी दुरुस्ती म्हणजे चकचकीत खोटी साक्ष होय. उलट, हा काळाचा प्रसाद आहे, असे म्हणत गंजाला पुढे चरू देणे हे दुसरे दुर्लक्ष; त्यात तर आळसाला रसिकतेचे नाव मिळते. 'जीर्णोद्धार' या शब्दातच हा विवेक आहे. उद्धार जीर्णाचा करावयाचा असतो. जीर्णाला हाकलून त्याच्या जागी दुसऱ्याला बसवावयाचे नसते.

आम्ही आमचे मत बदलल्याचे स्नेह्यांस सांगितले. रात्री बराच वाद झाला. "लग्नात लोक हसतील त्याचे काय?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो आम्ही क्षुल्लक मानीत नाही, पाहुण्यांपुढे मळकी वस्तू ठेवण्याचा संकोच हा सभ्यतेचाच भाग आहे. सकाळी त्यांनीच रंगाऱ्यास विचारले, "जुनाच रंग जगवता येईल काय?" तो हसला व म्हणाला, "येईल, पण हात दुखतील." त्या काळच्या रंगावर अलीकडच्यासारखा पारदर्शक थर नसे, मेलेली असते ती वरची साय, खाली रंग जिवंत असतो. प्रथम पाण्याने धूळ काढली. मग कोपऱ्यातील हातभर जागेवर प्रयोग केला. तेलकट पॉलिश रंगात रात्रभर मुरू दिले आणि मऊ सुती फडक्याने हलकेच घासले. फडके लाल झाले, आणि खालून गर्द रंग वर आला. यंत्र लावले नाही. कारण रंगाचा सारा थर एखाद-दोन केसांच्या जाडीचा, तो एकदा उडाला की परत येत नाही. जेथे अस्तर दिसू लागले तेथे हात थांबला. गंज मात्र निर्दयपणे खरवडला, तेथे तांबडे अस्तर व जुळता रंग दिला, आणि शेवटी मेणाचा हात फिरविला. कोपराची जागा होती तशीच राहिली.

गाडी नवी दिसत नाही. टपावरील चट्ट्यांच्या खुणा पुसट झाल्या, पण गेल्या नाहीत. जुळविलेला रंगही निरखून पाहणारास ओळखू येतो. उद्या कोणास हे सारे काढून संपूर्ण नवा रंग द्यावासा वाटला, तर ती मोकळीक त्याला आहे. आज सर्व खरवडले असते तर जुने परत आणण्याची मोकळीक मात्र कोणालाच उरली नसती. पुढच्यांसाठी निवड शिल्लक ठेवणे, यातच मागच्यांविषयीचा आदरही येतो, असे आम्हांस वाटते. असो. आम्ही निघालो तेव्हा स्नेही गाडीत बसून पाहत होते. त्यांचे कोपर त्या झिजलेल्या जागी टेकले होते, आणि ते त्यांच्या ध्यानात आल्याचे दिसले नाही.