नभोवाणीचा दिवस आणि श्रोत्यांचे घड्याळ

१९५० च्या सुमारास ब्रिटनमध्ये रेडिओचे सुमारे १ कोटी २० लाख परवाने होते. परवाना म्हणजे घरात संच ठेवण्यासाठी दरवर्षी टपाल खात्यात भरावयाची एक पौंडाची फी, आणि मुख्यतः याच पैशावर बीबीसीच्या देशांतर्गत नभोवाणीचा कारभार चालत असे. तिच्यावर जाहिराती नव्हत्या, आणि देशाच्या भूमीवरून नभोवाणी चालवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नव्हता. या मक्तेदारीमुळे त्या काळाविषयीच्या आठवणींत एक चित्र घट्ट बसले आहे: सारे राष्ट्र एकाच वेळी एकाच आवाजाभोवती गोळा झालेले. महायुद्धाच्या वर्षांत रात्री नऊच्या बातम्यांपुरते, म्हणजे बिग बेनचे टोले ऐकून घराघरांत शांतता पसरे त्या वेळेपुरते, हे चित्र खरेही होते. एरवीचे कार्यक्रमपत्रक तासातासाने तपासले, तर मात्र राष्ट्र एकत्र बसलेले दिसत नाही. ते कामाप्रमाणे, वयाप्रमाणे आणि शिक्षणाप्रमाणे वाटून दिलेले दिसते.

ही वाटणी संस्थेच्या मूळ धोरणात नव्हती, किंबहुना त्या धोरणाला ती सरळ छेद देणारी होती. १९२७ मध्ये राजसनद मिळून बीबीसी सार्वजनिक महामंडळ झाली, तेव्हा तिची सूत्रे जॉन रीथ यांच्या हाती होती, आणि श्रोत्याने रेडिओ हा नाटकाला किंवा व्याख्यानाला जावे तशा तयारीने, निवड करून आणि लक्ष देऊन ऐकावा, अशी त्यांच्या संस्थेची धारणा होती. म्हणून ठरावीक वारी, ठरावीक वेळी तोच कार्यक्रम देण्याचे शक्यतो टाळले जाई, आणि एक कार्यक्रम संपल्यावर पुढचा सुरू होण्यापूर्वी मध्ये काही काळ मुद्दाम शांतता ठेवली जाई, जेणेकरून संच चालू ठेवून दुसरीकडे लक्ष देण्याची सवय लागू नये. रविवार तर इतका सोवळ्यात ठेवला होता की कंटाळलेले लक्षावधी श्रोते त्या दिवशी रेडिओ लक्झेंबर्गसारख्या परदेशी व्यापारी केंद्रांकडे वळत. या धोरणात श्रोत्याला शहाणे करण्याचा अट्टहास होता, पण त्याचबरोबर एक आदरही होता: श्रोता आपला वेळ आपण ठरवतो, हे त्यात गृहीत धरलेले होते.

युद्धाने हे गृहीतक मोडले. फ्रान्समधील ब्रिटिश सैनिकांसाठी जानेवारी १९४० मध्ये ‘फोर्सेस प्रोग्रॅम’ सुरू झाला. बराकीत घोळक्याने, पत्ते खेळत ऐकणाऱ्या सैनिकाकडून एकाग्रतेची अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता, म्हणून हलके संगीत आणि विनोद यांचा अखंड प्रवाह तेथे आला, आणि देशातल्या नागरिकांनाही तोच अधिक आवडू लागला. त्याच वर्षी २३ जून रोजी ‘म्यूझिक व्हाइल यू वर्क’ हा दिवसातून दोनदा होणारा कार्यक्रम कारखान्यांसाठी सुरू झाला. सकाळी आणि दुपारी पाळीच्या ज्या टप्प्यावर कामगार थकतो, त्या टप्प्यावर अर्धा तास सलग वाद्यवृंद वाजवून उत्पादन वाढवणे हा त्याचा उघड हेतू होता. त्याचे नियम बारकाईने पाहण्यासारखे आहेत. यंत्रांच्या घरघरीतून चाल स्पष्ट ऐकू यावी म्हणून आवाजाची पातळी एकसारखी ठेवावी लागे. संथ वॉल्ट्झ झोप आणतात म्हणून वर्ज्य होते. आणि ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस’ हे लोकप्रिय गीत वगळावे लागले, कारण त्यातील टाळ्यांच्या जागी कामगार हातातले पाने यंत्रांवर आपटू लागत. येथे संगीत ऐकण्यासाठी उरलेच नव्हते, ते शरीराला तालात ठेवण्याचे साधन झाले होते. आणि शांततेच्या काळातही ते २० वर्षांहून अधिक काळ तसेच चालू राहिले.

युरोपातील युद्ध संपल्यावर, जुलै १९४५ मध्ये, फोर्सेस प्रोग्रॅमच्या परंपरेतून ‘लाइट प्रोग्रॅम’ निघाला, बातम्या, व्याख्याने आणि शालेय प्रक्षेपणासाठी ‘होम सर्व्हिस’ राहिली, आणि सप्टेंबर १९४६ मध्ये अभिजात संगीत, नाट्य आणि विद्वच्चर्चा यांसाठी ‘थर्ड प्रोग्रॅम’ आला. महासंचालक विल्यम हेली यांना या तीन सेवांचा मिळून एक मनोरा वाटत होता, ज्याच्या पायथ्याचा श्रोता हळूहळू वर चढेल. तो चढला नाही. थर्डचे श्रोते कायम मूठभरच राहिले.

लाइट प्रोग्रॅमवरचा दिवस गृहिणीच्या कामाला बेतलेला होता. सकाळी नऊनंतर ‘हाउसवाइव्हज चॉइस’ ही फर्माइशी गाणी, दुपारी पावणेदोनला पाच वर्षांखालील मुलांसाठी १५ मिनिटांचे ‘लिसन विथ मदर’, आणि लगेच दोन वाजता ‘वूमन्स अवर’. ही जोडणी मोठ्या हिशेबाने केलेली होती: जेवणाची भांडी घासून झालेली, लहान मूल गोष्ट ऐकून पेंगुळलेले, मोठी मुले शाळेतून परतायला अजून अवकाश, अशा वेळी स्त्रीला एक तास मिळेल. कार्यक्रमांत दम होता यात शंका नाही, आणि अनेकींना तो एक तास हाच काय तो विसावा होता. तथापि १९५१ च्या जनगणनेनुसार विवाहित स्त्रियांपैकी पाचातली एक तरी घराबाहेर काम करत होती, आणि तिच्यासाठी या पत्रकात कारखान्याच्या ध्वनिवर्धकाशिवाय फारशी जागा नव्हती. (‘वनिता मंडळ’ आणि ‘कामगारसभा’ ऐकलेल्या मराठी वाचकाला कामाप्रमाणे वेळा बेतण्याचा हा विचार अनोळखी वाटणार नाही; आकाशवाणीची घडी बसवण्यासाठी १९३५ मध्ये आलेले लायोनेल फील्डन हे बीबीसीचेच होते.) १९५१ च्या वसंतात सायंकाळी पावणेसातला आलेली ‘द आर्चर्स’ ही ग्रामीण मालिकासुद्धा शिधावाटप चालू असताना शेतकऱ्याला उत्पादनाचे धडे देण्यासाठी, कृषी मंत्रालयाच्या सल्ल्याने रचलेली होती.

या सर्वांच्या शेजारी थर्ड प्रोग्रॅम ठेवून पाहिला म्हणजे खरी विसंगती लक्षात येते. तो सायंकाळी सहानंतरच लागे, आणि त्याला ठरावीक वेळांचे बंधन नव्हते. कलाकृतीला जितका वेळ लागेल तितका तिला मिळे. सुरुवातीच्याच दिवसांत शॉचे ‘मॅन अँड सुपरमॅन’ हे नाटक कोणतीही काटछाट न करता तेथे सादर झाले. म्हणजे रीथकालीन संस्थेने सर्वांसाठी योजलेले स्वातंत्र्य, निवडून आणि सावकाश ऐकण्याचे, अखेर मूठभर सुशिक्षितांच्या संध्याकाळपुरते उरले, तर कामगार आणि गृहिणी यांच्या वाट्याला घड्याळ आले. श्रोत्यांच्या आवडीमुळे हे घडले, असे बीबीसीच्या बाजूने म्हणता येते, आणि श्रोतृसंशोधन विभागाच्या दैनंदिन पाहण्या त्याला आधारही देतात. परंतु कारखान्यातल्या ध्वनिवर्धकाचे बटण कामगाराच्या हाती नव्हते, हे त्या बचावात विसरले जाते.

१९६७ मध्ये तिन्ही सेवांची नावे गेली आणि ‘म्यूझिक व्हाइल यू वर्क’चे रोजचे प्रक्षेपणही संपले. ‘वूमन्स अवर’ची दुपारी दोनची वेळ मात्र सेवा बदलूनही टिकली. ती १९९१ मध्ये सकाळवर गेली. तोवर त्या वेळेने गृहीत धरलेली, दुपारी घरी असलेली गृहिणी ब्रिटनमध्ये अल्पसंख्य होऊन गेली होती, आणि तरीही वेळ बदलण्याला श्रोत्यांनी कडाडून विरोध केला.