छातीवरचा बिल्ला

राहाता, जि. अहिल्यानगर

चि. राणी हिस,


तू विचारलंस, आजोबा, तुमच्या डब्यातले बिल्ले विकले तर किती येतील, आणि परदेशात असले बिल्ले जमवणारे लोक खरंच असतात का? असतात. अमेरिकेत निवडणुकीचे बिल्ले जमवणाऱ्यांची संघटना १९४५ पासून आहे आणि तिथे काही जुन्या बिल्ल्यांना मोठी रक्कम मिळते. आपल्याकडच्या बिल्ल्यांना कुणी फारसं देणार नाही. तरी तो डबा मी का जपला, हे फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

डब्यात तळाशी पितळेचे जड बिल्ले आहेत, नंबर ठोकलेले. ते हमालांचे. बाजार समितीच्या आवारात मी कारकुनी केली, तेव्हा हमालाला परवाना लागायचा आणि परवान्यासोबत नंबर. रेल्वे स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावर, शिपायाच्या पट्ट्यावर, कंडक्टरच्या खिशावर असाच नंबर असे. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर अशी आपल्याच जिल्ह्याकडे धावली. पुढे गावोगाव लोकांना पाठ झालं की तक्रार करायची तर कंडक्टरचं नाव नाही, बिल्ला नंबर टिपून घ्यायचा. तू म्हणशील, माणसाचं नाव काढून नंबर दिला, यात जपण्यासारखं काय? मलाही तरुणपणी हा प्रश्न पडायचा. उत्तर हमालांनीच दिलं. नंबर नसलेल्या हमालाला कुणीही हाकलू शकत होतं. नंबर असलेल्याला पाठीवर पोतं घेण्याचा हक्क होता आणि हमालीचे पैसे मागण्याचाही. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडी उभे केले, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, तेव्हा नोंदणी झालेल्या कामगाराला मजुरीबरोबर भविष्यनिर्वाह निधी नि बोनसही मागता येऊ लागला. ओळख पटवायला दिलेला पितळी तुकडा अशा रीतीने हक्काचा कागद झाला. १९७५ च्या ‘दीवार’ सिनेमात गोदी कामगाराचा ७८६ नंबरचा बिल्ला त्याचा जीव वाचवतो, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या हमालांना ते पटवून द्यावं लागलं नाही.

हे झाले दुसऱ्याने दिलेले बिल्ले. आपण होऊन छातीवर लावायचा बिल्ला ही वेगळी गोष्ट, आणि मला तुला सांगायचं आहे ते मुख्यतः त्याबद्दल.

तुझ्या हातात आला होता तो पत्र्याचा गोल बिल्ला जन्मला अमेरिकेत. जॉर्ज वॉशिंग्टनच्या शपथविधीला, १७८९ साली, लोकांनी पितळी बटणं कोटाला शिवून घेतली होती. लिंकनच्या १८६० च्या निवडणुकीत छोटे फोटो छातीवर आले. पण हे सगळं महाग आणि वेळखाऊ. मग न्यूअर्क शहरातल्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने १८९६ मध्ये पेटंट घेतलं. पत्र्याची वाटोळी चकती, तिच्यावर छापील कागद, त्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा, कडा मागे वळवून रिंगेने दाबायच्या आणि मागे वाकवलेल्या तारेची टाचणी. दाबयंत्राखाली बिल्ले हजारोंनी पडू लागले. पुढे पत्र्यावरच रंग छापायची सोय झाली आणि बिल्ला आणखी स्वस्त झाला.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट ऐक. त्याच १८९६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली, मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन, आणि बिल्ल्यांचा पहिला पाऊस पडला तो त्या निवडणुकीत. भांडण कशावरून होतं? शेतमालाचे भाव पडलेले, शेतकरी कर्जात बुडालेला. चलन फक्त सोन्याला बांधल्यामुळे पैसा टंचाईत आहे, चांदीचीही नाणी सोळास एक या प्रमाणात मोकळेपणी पाडा, म्हणजे भाव चढतील आणि कर्ज फिटेल, असं ब्रायनच्या बाजूचे शेतकरी म्हणत. त्यांच्या काही बिल्ल्यांवर घड्याळ असे आणि काटे एकला सोळा मिनिटं कमी दाखवत. सोळास एक! मॅकिन्लीचे लोक सोनेरी भुंगा लावून फिरत. ब्रायन हरला. पण शेतकऱ्याच्या भावाचा प्रश्न त्या वर्षी कोटावर टाचला गेला, आणि त्याचा एकेक पुरावा आज तिथल्या संग्रहात आहे.

आपल्याकडे हे घडायला बराच काळ जावा लागला. काँग्रेसच्या अधिवेशनात प्रतिनिधी आणि स्वयंसेवक बिल्ले लावत, पण गावात, पोरासोरांच्या सदऱ्यावर बिल्ला आला तो मतदानाच्या चिन्हांमुळे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक पक्षाला चित्र मिळालं, आणि बिल्ल्यासाठी चित्राइतकं सोयीचं काय? प्रचाराची जीप धुरळा उडवत आली की आम्ही मागे धावायचो. पक्ष कुठला हे बघत नव्हतो, खिसा भरला पाहिजे एवढंच. बैलजोडी काँग्रेसची, झोपडी प्रजासमाजवाद्यांची, खटारा शेकापचा, विळा-कणीस कम्युनिस्टांचं, पणती जनसंघाची, हत्ती रिपब्लिकनांचा. आपला भाग तेव्हा कोपरगाव लोकसभेत होता. शिर्डी मतदारसंघ झाला तो २००८ मध्ये.

या चित्रांवरून बिल्ल्याचं वय काढता येतं, ते शिकून घे. काँग्रेस १९६९ ला फुटली. १९७१ च्या लोकसभेला बैलजोडी कुणालाच वापरता आली नाही. इंदिराबाईंच्या काँग्रेसला गाय-वासरू मिळालं आणि जुन्या काँग्रेसला चरखा चालवणारी बाई. हाताचा पंजा १९७८ चा. १९७७ ला जनता पक्ष नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर लढला. कमळ १९८० चं, घड्याळ १९९९ चं. म्हणजे मागे वर्ष छापलेलं नसलं तरी बिल्ला आपलं साल सांगतो. सहकारातल्या बिल्ल्यांचं तसं नाही. लोणीला विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना सोबत घेऊन उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि पुढे कारखाने, सोसायट्या, बँका अशा निवडणुकांचं पीकच आलं. तिथे पॅनेलला छत्री, विमान, कपबशी असं काहीही मिळतं आणि पुढच्या खेपेला तीच कपबशी समोरच्या पॅनेलकडे जाते. माझ्याकडे एक कपबशी आहे. मी तिच्या कागदावर गाव आणि साल लिहून ठेवलं नसतं, तर आज ती कुणाची हे मलाही सांगता आलं नसतं.

आता लाल बिल्ला. डब्यात तो मी रुमालात वेगळा बांधला आहे.

शरद जोशी स्वित्झर्लंडमध्ये, बर्नला, जागतिक टपाल संघटनेत मोठ्या पगारावर होते. ती नोकरी सोडून ते आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करू लागले. हिशेब मांडला तर कांदा पिकवणं तोट्यात जातं हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. शेतकरी संघटना १९७९ ची. १९८० च्या सुरुवातीला चाकणला कांद्याचं आंदोलन झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याचं. उसाला टनाला ३०० रुपये मागितले, रस्ते अडले, रेल्वे अडली, तुरुंग भरले. १९८१ ला निपाणीला तंबाखूसाठी शेतकरी महामार्गावर बसले आणि गोळीबारात मेले. या आंदोलनांतल्या माणसांच्या छातीवर एक गोल लाल बिल्ला असे. नाशिक जिल्हा आपल्याला लागूनच, त्यामुळे तो इकडे यायला वेळ लागला नाही.

त्या बिल्ल्याने काय केलं हे मी काट्यासमोर बसून पाहिलं आहे. त्याआधी शेतकरी बाजारात यायचा तो हात जोडूनच. आडत किती, तोलाई किती, कडता का कापला, हे विचारायची त्याची छाती होत नसे. हिशेबपट्टी घ्यायची, घडी घालून टोपीत ठेवायची आणि चालू लागायचं. बिल्ला लावून आलेला शेतकरी हिशेबपट्टी तिथेच उघडून वाचायचा. त्याला वाचता येत नसेल तर शेजारचा बिल्लेवाला वाचून दाखवायचा, मग तो ओळखीचा असो नसो. एसटीत, टपरीवर, दवाखान्यात दोन अनोळखी माणसं केवळ बिल्ला बघून बोलायला लागत आणि बोलणं भावावर येई. सभेतलं भाषण सभेबरोबर संपतं. बिल्ला मात्र माणसाबरोबर घरी येतो, शेतावर जातो आणि कुणीतरी त्याला विचारतंच, हे काय लावलंय? त्याला उत्तर द्यावं लागतं. उत्तर देता देता हजारो शेतकरी उत्पादनखर्च मांडायला शिकले.

बायकांचं तर विशेषच. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन झालं. नऊवारीच्या पदरावर लाल बिल्ला लावलेल्या बायका पाहिल्या, तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की घरच्या दागिन्यांशिवाय त्यांच्या अंगावर स्वतःच्या मताची अशी एकही वस्तू यापूर्वी मी पाहिली नव्हती. पुढे शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. त्या संघटनेच्या सगळ्या आर्थिक मतांशी मी सहमत नाही, खुल्या बाजारावरचा तिचा विश्वास मला जास्तच वाटतो. पण कष्टकऱ्याला ताठ उभं राहायला शिकवणारा बिल्ला म्हणून मी लाल बिल्ल्याला सर्वांत वरचं स्थान देतो. राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेची माणसंही बिल्ला लावतात, ती या घराण्याचीच रीत.

कामगारांचे बिल्ले माझ्याकडे थोडे आहेत. अमेरिकेत अनेक युनियनांत दर महिन्याला वेगळ्या रंगाचा बिल्ला मिळे. वर्गणी भरली याची ती पावतीच, कामावर कोणी भरली नाही हे लगेच कळे. आपल्याकडे वर्गणीला कागदी पावती, आणि बिल्ला यायचा मागणीच्या वेळी. संपाच्या आधीची पायरी म्हणून कर्मचारी मागण्यांचे बिल्ले किंवा काळ्या फिती लावून काम करतात. काम थांबत नाही, पण टेबलासमोर आलेल्या प्रत्येकाला कळतं की इथे काही धुमसतं आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप तुझ्या पुस्तकात नसेल. आमच्या पिढीच्या घराघरात तो पगाराविना गेलेल्या महिन्यांच्या रूपाने आठवणीत आहे.

निळ्या बिल्ल्यांविषयीही लिहायला हवं. नागपूरला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांच्या छबीचे, अशोकचक्राचे बिल्ले मांडून बसलेल्या विक्रेत्यांच्या रांगा असतात. शेकडो मैलांवरून आलेला माणूस परत जाताना पुस्तक घेतो आणि बिल्ला घेतो. पक्ष फुटले, चिन्हं बदलली, पण हा बिल्ला कुठल्याच निवडणुकीच्या निकालावर अवलंबून राहिला नाही. व्यापारी बिल्ल्यांचं मला कौतुक नाही. दुकानाच्या उद्घाटनाचे, बियाण्यांच्या कंपनीचे, ‘वजन कमी करायचंय? मला विचारा’ असे सगळे आहेत डब्यात. तेही टाकू नकोस, कारण कोणत्या साली गावात काय विकलं जात होतं हे त्यांच्यावरून कळेल.

२०१७ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या पुणतांब्याने शेतकऱ्यांच्या संपाचा ठराव केला आणि १ जूनपासून दूध-भाजी शहरात जाणं थांबलं. देशभर चर्चा झाली, महिना संपायच्या आत सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. त्या वेळी पोरांच्या मोबाइलच्या डीपीवर संप झळकत होता. आठ-पंधरा दिवसांत डीपी बदलले. इतक्या मोठ्या संपाची हातात धरता येईल अशी वस्तू माझ्या डब्यात नाही, याची मला खरोखर खंत आहे.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर: विकू नकोस, वाढव. पितळी बिल्ले चिंच लावून घासू नकोस, ठोकलेले आकडे झिजतात. पत्र्याच्या बिल्ल्यांना ओल लागू देऊ नकोस, टाचणीपासून गंज धरतो. प्रत्येक बिल्ला वेगळ्या कोऱ्या कागदात ठेव. चकचकीत नवा दिसणारा ‘जुना’ बिल्ला कुणी विकायला आला तर सावध राहा. नकलांचा सुळसुळाट झाल्यामुळे अमेरिकेला १९७३ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला, आपल्याकडे तर नक्कल काढणं आणखी सोपं. आणि सगळ्यांत आधी एक वही घाल. बिल्ला कुणी दिला, त्याने तो कुठे लावला होता, लावला तेव्हा घरचे काय म्हणाले, काढला तर का काढला, हे त्याच्याच शब्दांत लिहून घे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत राहात्याला ये. बाजारतळावरचे जुने हमाल, निवृत्त कंडक्टर, चांदवडला जाऊन आलेल्या आज्या अजून आहेत, पण सगळेच थकलेत. पुणतांब्यालाही जाऊ. वही नवी आणि जाड आण.

तुझा,
आजोबा